बाभळीच्या घरातली भानगड

"ऐकलंस का, मामा बाभळीवरून कसे उतरले ते?"

काकूंनी भिंतीवर दोन्ही कोपरं टेकवली की समजायचं, बातमी ताजी आहे आणि चुलीवरची भाजी करपली तरी चालणार आहे. औंढ्याच्या कडेला आमची दोन घरं. मधे छातीएवढी भिंत. माझ्याकडं जास्वंद, शेवगा नि कोपऱ्यात आपोआप उगवलेला एरंड. त्यांच्याकडं सीताफळ, लिंबू आणि दावणीला दोन शेळ्या. भिंतीच्या टोकाला एक जुनी बाभूळ आहे. ती कुणाच्या हद्दीत येते यावरून आम्हा दोघींचे नवरे अजून भांडतात. पोळा नुकताच झाला होता, बाभूळ पिवळ्या फुलांनी भरली होती.

"शेळ्यांना डहाळे काढायला म्हणून चढले. कोयता टाकला फांदीवर, अन् दुसऱ्याच मिनिटाला धोतर झटकत खाली! काटा नाही लागला बरं का. मुंगळे! पार मांडीपर्यंत गेलते. मामी म्हणायल्या, लग्न झाल्यापासून हा माणूस एवढा चपळ कधी दिसला नव्हता."

हसून झाल्यावर काकूंना खरा प्रश्न पडला. "पण मला सांग, बाभळीला ना आंबा ना पेरू. शेंग चावली तर तोंड तुरट. मग ही मुंगळ्यांची रांग दिवसभर वर कशाला जायलीय? कोण वाढतंय त्यांना तिथं?"

"बाभूळच वाढते," मी म्हटलं. "फांदी ओढा जरा खाली. काटे सांभाळा."

कोवळ्या पानाच्या देठावर, बारीक पाल्याची पहिली जोडी फुटते त्याच्या आसपास, मोहरीहूनही लहान एक पुटकुळी असते, मधे किंचित खोलगट. जून पानावर ती सुकलेली, कोवळ्या पानावर ओलसर नि चमकती. आम्ही बघतोय तोवर एक काळा मुंगळा आला, पुटकुळीवर तोंड टेकवून, मागचा भाग वर उचलून थांबला. मिशा तेवढ्या हलत होत्या. मग पुढच्या देठावर, तिथून त्याच्या पुढच्या. फुलांकडं त्यानं ढुंकूनही पाहिलं नाही.

"हे गोड पाणी झाड मुद्दाम बाहेर काढतं. फुलांतली सोय मधमाश्यांची, ही देठावरची मुंग्यांची. मुंगळा गोड खायला येतो, येता-जाता जी अळी, जे अंडं सापडेल ते उचलतो. फांदी कुणी हलवली तर चावतो."

"मामांना विचार म्हणावं! म्हणजे ही मजुरीच की."

"मजुरीच. तीही पान कोवळं असेपर्यंत."

यावर मोठमोठ्या माणसांची भांडणं झालेली आहेत. एकोणिसाव्या शतकात डार्विनसारख्या माणसालाही वाटत होतं की हा झाडाचा टाकाऊ स्राव असावा, नको झालेली साखर बाहेर टाकली, एवढंच. इटलीचा देल्पिनो नावाचा वनस्पतिशास्त्रज्ञ हट्टानं म्हणत राहिला की नाही, हे राखणदारीचं मोल आहे. पुढं पारडं देल्पिनोच्या बाजूनं झुकलं. काकूंना यातलं काहीही न वाचता एका वाक्यात तेच सुचलं, याची मी तिथंच नोंद केली, पण बोलले नाही. त्यांना चढवून ठेवलं की आठवडाभर उतरत नाहीत.

"आता हीच डहाळी खालून बघा," मी म्हटलं.

हिरव्या कोवळ्या सालीवर चार-पाच काळपट किडे चिकटून बसले होते. प्रत्येकाच्या खांद्यावर दोन आखूड शिंगं. बोट जवळ नेलं तरी उडत नव्हते, फक्त डहाळीच्या पलीकडच्या अंगाला सरकत होते. हे झाडाचा रस पितात. आणि त्यांच्याभोवती तेच मुंगळे! एक मुंगळा किड्याच्या पाठीवर मिशांनी थापट्या मारत होता. थोड्या वेळानं किड्याच्या मागच्या टोकाला एक पारदर्शक थेंब आला आणि मुंगळ्यानं तो गट्टम केला.

"अगं बया," काकू पुटपुटल्या. "हे तर दूध काढायलेत."

"बदल्यात दुसरा कुणी किड्यांना खायला आला तर त्याला हाकलतात."

"म्हणजे राखणदार मालकाची मजुरी घेतोय अन् चोरालाही पोसतोय! आपल्या सोसायटीचा तो..."

सोसायटीच्या माणसाबद्दल काकू जे बोलल्या ते इथं सोडून देते. पण त्यांचं निदान बिनचूक होतं. झाड आणि मुंग्या यांच्या दोस्तीच्या गोष्टी शाळेत मी वर्षानुवर्षं सांगत आले. जवळून पाहिलं की त्यात दोस्ती-बिस्ती काही नाही, सगळा रोकडा व्यवहार आहे, आणि दोन्ही बाजू एकमेकांना फसवायची संधी शोधत असतात.

"मग ह्या फुलांवर माश्या कशा बसू शकतात? मुंगळे येऊ देतात का त्यांना?"

प्रश्न नेमका होता. टांझानियातल्या बाभळीच्या एका भाईबंदावर याचा अभ्यास होऊन १९९७ साली तो छापून आला. फूल ताजं असतं, पराग तयार असतात, तेव्हा त्या फुलातून असा काही वास सुटतो की मुंग्या तिकडं फिरकत नाहीत. तेवढ्या वेळात माश्या येऊन आपलं काम उरकतात. नंतर तो वास विरतो आणि मुंग्या परत फुलांवर फिरू लागतात, म्हणजे बी धरताना राखण सुरू.

"पाहुणे येऊन जाईपर्यंत गड्याला मागच्या दारी बसवायचं," काकू म्हणाल्या. "हुशार आहे की बाई बाभूळ!"

काकूंचा मुलगा दोन एकरांत कपाशी लावतो, म्हणून मी विषय तिकडं नेला. कपाशीचं पान उलटं केलं तर मधल्या जाड शिरेवर एक खड्डा दिसतो. तोही गोड पाण्याचा. बोंडाभोवतीच्या पाकोळ्यांवरही असे खड्डे असतात. अळीनं पान कुरतडलं की कपाशी हा पाझर वाढवते, आणि जास्त करून ज्या पानाला इजा झाली त्याच पानावर. मुंग्या येतात, ढालकिडे येतात, अळीच्या अंगात अंडी घालणाऱ्या बारीक गांधीलमाश्याही येतात. गुलाबी बोंडअळी मात्र एकदा बोंडाच्या आत शिरली की बाहेरच्या राखणदाराचा इलाज चालत नाही, दार आतून बंद. चवळीच्या फुलांच्या दांडीवर असंच असतं. माझ्या एरंडाच्या पानाच्या देठावर तर दोन ठसठशीत गाठी नुसत्या डोळ्यांनी दिसतात. एरंडाच्या बीलाही टोकाशी एक मऊ बोंडूक असतं. मुंग्या बी ओढून नेतात, बोंडूक खातात, बी वारुळापाशी टाकून देतात. माझा एरंड कोपऱ्यात कुणी लावला याचा संशय मला त्यामुळं मुंग्यांवरच आहे.

काकूंचं लक्ष एरंडावर नव्हतं. त्या मागं वळून सीताफळाकडं बघत होत्या. "ए, मग माझ्या सीताफळावरच्या मुंग्या कुठल्या पक्षाच्या? मी तर काल बुंध्याला पावडर टाकली. खडूनं रेघही ओढली."

"फळावर पांढरं कापसाचं काही आहे का? डोळ्यांच्या खाचांमधे?"

"सगळं भरलंय."

"पिठ्या ढेकूण. तिथल्या मुंग्या त्यांच्या पक्षाच्या."

पिठ्या ढेकूणही चिकट गोड पाणी टाकतो. मुंग्या त्याच्याभोवती पहारा ठेवतात, ढालकिड्यांना त्याच्याजवळ जाऊ देत नाहीत, आणि त्या पाण्यावर काळी बुरशी धरून फळ बाजारात न्यायच्या लायकीचं राहत नाही. म्हणजे सीताफळावर काकूंचा राग योग्य होता, हत्यार तेवढं चुकीचं. पावडर पहिल्या सरीत वाहून गेली आणि खडूची रेघ मुंग्यांनी सालीच्या भेगेतून ओलांडली. बुंध्याला आधी प्लास्टिकचा पट्टा घट्ट गुंडाळायचा, त्यावर ग्रीस लावायचं. ग्रीस थेट सालीला लावायचं नाही. आणि भिंतीला टेकलेल्या फांद्या छाटायच्या, नाहीतर पट्टा खाली आणि मुंग्यांचा रस्ता भिंतीवरून. मुंग्यांचं येणं-जाणं थांबलं की ढालकिडे स्वतःच ढेकणांचा समाचार घेतात.

"पण बाभळीवरच्यांना राहू द्यायचं म्हणतेस."

"त्यांना तुम्ही नको म्हटलं तरी त्या थोडंच ऐकणार आहेत?"

काकूंची लेक चिपळूणला दिली आहे. तिकडच्या आंब्यावरच्या तांबड्या मुंग्यांची दहशत त्या दर सुट्टीनंतर सांगतात. कोकणात त्यांना ओंबील म्हणतात. जावयांनी आंबे उतरवायला एक फांदी हलवली आणि अंगरखा काढून पळाले, हा किस्सा मी इतक्यांदा ऐकला आहे की जावई दर वेळी थोडे जास्त लांब पळतात. या मुंग्या जिवंत पानं शिवून घरं करतात. साखळी करून दोन पानांच्या कडा ओढून धरतात, मग दुसऱ्या मुंग्या आपल्याच अळ्या तोंडात धरून आणतात आणि या कडेवरून त्या कडेवर फिरवतात. अळीच्या तोंडातून रेशीम निघतं, त्यानं शिवण बसते.

"लेकरांना कामाला लावतात मेल्या," काकूंनी नापसंती दाखवली.

पण याच मुंग्या चीनमधले शेतकरी विकत घेत होते. संत्र्या-मोसंबीच्या बागेत त्यांची घरटी पिशवीतून आणून बांधायची, म्हणजे किडे कमी लागतात, अशी नोंद इसवी सन ३०४ च्या एका चिनी पुस्तकात आहे. किडीवर कीटक सोडण्याचा एवढा जुना लेखी पुरावा जगात दुसरा नाही असं मानतात. आपल्या शेजारच्या वाशिममधे वाकाटकांचं राज्य बसायच्याही आधीची ही गोष्ट. आज आफ्रिका, व्हिएतनाम, ऑस्ट्रेलियात काजू-आंब्याच्या बागांत तोच उद्योग चालतो. आणि ओडिशातल्या मयूरभंजमधे तर या मुंग्यांची चटणी करतात. २०२४ च्या जानेवारीत तिला जीआय मानांकन मिळालं.

"जीआय म्हणजे आपल्या वसमतच्या हळदीला मिळालं ते?"

"तेच."

"हळद अन् मुंग्यांची चटणी एका ओळीत!" काकू बराच वेळ गप्प बसल्या. काकू गप्प बसणं ही औंढ्यात तशी दुर्मीळच घटना. मग म्हणाल्या, "तिखट असंल?"

"आंबट. मुंगीच्या अंगातलं आम्ल."

गुरुवारी काकू उंबराला प्रदक्षिणा घालतात, म्हणून त्यांना उंबराचीही कुलंगडी सांगितली. उंबराच्या फळाच्या आतच फुलं असतात. एक चिमुकली गांधीलमाशी टोकाच्या भोकातून पंख मोडून घेत आत शिरते, परागकण पोचवते, अंडी घालते. हिच्यामुळं उंबराला बी धरतं. पण दुसऱ्या काही माश्या आत जायचे कष्टच घेत नाहीत. बाहेर फळावर उभ्या राहून लांब सुईसारखा अवयव आत खुपसतात आणि तिथल्या तिथे अंडी घालतात. झाडाला त्यांचा काडीचा उपयोग नाही. या बाहेरून टोचणाऱ्या माश्या पाय रोवून उभ्या असताना मुंग्यांच्या तावडीत आयत्या सापडतात. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत रेनी बोर्जेस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उंबरावरच हे तपासलं. शिकारी मुंग्या फळांच्या आणि माश्यांच्या वासाचा माग काढत येतात असं त्यांना दिसलं. याच बोर्जेसबाईंनी आपल्या भीमाशंकरच्या शेकरूंवरही काम केलं आहे.

"म्हणजे मी प्रदक्षिणा घालते तेव्हा वर हे चाललेलं असतं?"

"तेव्हाच काय, दिवसभर."

बोर्जेसबाईंचं आणखी एक झाड मला फार आवडतं. दक्षिणेकडच्या सह्याद्रीत, कर्नाटक-केरळच्या ओल्या जंगलात हंबोल्टिया नावाचं लहान झाड आहे. त्याच्या काही फांद्यांची पेरं फुगून पोकळ होतात आणि प्रत्येक पोकळीला झाड स्वतःच एक फट ठेवतं. गंमत अशी, एकाच जंगलातल्या काही झाडांना अशा खोल्या असतात, काहींना नसतात. खोल्यांमधे राहायला येतात ते सगळेच कामाचे नसतात. खरोखर पहारा देणाऱ्या मुंग्या थोड्या, बाकीच्या नुसत्याच मुक्कामाला. इतकंच काय, झाडावर चढणारं एक गांडूळही त्या पेरांत राहतं. तरी झाड त्यांना काढत नाही, कारण त्यांची घाण पोकळीच्या आत साठते आणि तिच्यातलं पोषण झाड आतूनच शोषून घेतं. राखण नाही तर नाही, खत तरी मिळतं.

"म्हणजे पेइंग गेस्ट," काकू म्हणाल्या. त्यांच्या भाच्याची पुण्यातली कॉटबेसिसची हकीकत पुढची पाच मिनिटं चालली. भाडं, डिपॉझिट, पाण्याची वेळ सगळं आलं. तिचा मुंग्यांशी संबंध नसल्यामुळं ती गाळते.

खरी भानगड मात्र मेक्सिकोतली. तिथल्या एका बाभळीला बैलाच्या शिंगांच्या आकाराचे जाड पोकळ काटे येतात. मुंग्या त्यांत घर करतात, देठावरचं गोड पाणी पितात, आणि पानांच्या टोकांना येणारे पिवळे पौष्टिक दाणे आपल्या पिल्लांना चारतात. १८७४ मधे थॉमस बेल्ट नावाच्या इंग्रज खाण अभियंत्यानं निकाराग्वावरच्या पुस्तकात हे लिहिलं, म्हणून त्या दाण्यांना त्याचंच नाव पडलं. १९६६ साली डॅनियल जॅन्झननं प्रयोग छापला. झाडावरच्या मुंग्या काढून टाकल्या तर किडे झाड फस्त करतात, वेली त्याला गिळतात. मुंग्या असल्या की त्या किड्यांना हाकलतात, वेलींचे शेंडे कुरतडतात, बुंध्याभोवतीचं तणही साफ ठेवतात.

"काढून टाकल्या तर झाड मरतं, ठीक. पण मुंग्या सोडून का जात नाहीत? दुसरीकडं गोड मिळत नाही का?"

हे पुढं मार्टिन हाइल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उलगडलं, आणि ते जरा अंगावर काटा आणणारं आहे. ऊस किंवा फळांमधली साधी साखर पचवायला पोटात एक पाचक रस लागतो. या बाभळीवरच्या प्रौढ मुंग्यांत तो चालतच नाही. बाभूळ आपल्या पाण्यातली साखर आधीच फोडून देते, त्यामुळं या मुंग्यांना तेच तेवढं पचतं. २०१४ मधे कळलं की तो पाचक रस बंद पाडणारं द्रव्य बाभळीच्याच गोड पाण्यात असतं. कोशातून नुकती बाहेर आलेली मुंगी पहिला घोट घेते आणि कायमची या झाडाला बांधली जाते.

"मशेरीसारखं," काकू लगेच म्हणाल्या. "आमच्या सासूबाईंना पहिल्यांदा कुणी दिली होती ते त्यांनी मरेपर्यंत माफ केलं नाही."

आणि दक्षिण अमेरिकेत याच्या उलट. पेरूच्या ॲमेझॉन जंगलात अचानक एक मोकळं ठिकाण लागतं, तिथं जवळजवळ एकाच जातीची झाडं. स्थानिक लोक म्हणतात, तिथं जंगलातल्या भुताचा वास आहे.

"मुंजा!"

"त्यांचा मुंजा. २००५ मधे मेगन फ्रेडरिकसन आणि तिच्या सहकाऱ्यांनी दाखवलं की ते काम मुंग्यांचं आहे. त्या झाडाच्या पोकळ्यांत राहणाऱ्या मुंग्या आजूबाजूच्या इतर सगळ्या रोपांना चावतात आणि चाव्याच्या जागी आम्ल टोचतात. रोप दिवसाभरात काळं पडतं. त्यांना सापडलेल्या सगळ्यात मोठ्या बागेत ३२८ झाडं होती आणि तिचं वय आठशे वर्षांच्या वर असावं असा त्यांनी अंदाज बांधला."

"आठशे वर्षं एकच भावकी जागा बळकावून बसलीय," काकू म्हणाल्या, आणि नकळत त्यांची नजर बाभळीच्या बुंध्याकडं, म्हणजे हद्दीच्या वादाकडं गेली. मी पटकन केनियाला गेले.

केनियाच्या पठारावर आपल्या बाभळीची बहीण शोभेल अशी एक काटेरी बाभूळ मैलोन् मैल पसरलेली आहे. तिच्या काट्यांचे बुंधे फुगून पोकळ होतात, मुंग्या त्यांना भोकं पाडतात, वारा आला की त्या भोकांतून शीळ वाजते. आपल्या बाभळीला काटे आहेत, गोड पाणी आहे, पण खोल्या नाहीत. तिथं मुंग्या झाडावरच राहतात, चोवीस तास. जिराफ किंवा हत्ती पाला ओरबाडायला लागला की झुंडीनं धावतात. हत्तीच्या सोंडेच्या आत त्या घुसल्या की एवढं मोठं जनावर मुकाट मागं फिरतं. पण वारा सुटल्यावरही फांदी हलतेच. मग मुंग्या दर वाऱ्याला का धावत नाहीत?

"का?"

"दोन हादरे त्यांना वेगळे कळतात. २०१९ मधे हागर आणि क्राउझा या जर्मन अभ्यासकांनी हे मोजलं. जनावर चरताना लाकडातून जाणारी थरथर वेगळी आणि वाऱ्याची वेगळी. जनावराची थरथर पोचली की त्या घराबाहेर पडतात आणि हादरा ज्या बाजूनं आला तिकडंच धावतात."

काकू भिंतीवरून थोड्या वर सरकल्या. "म्हणजे दुधाळ्याला तेच बांधायलेत की! तुमच्या सरांनी सांगितलं होतं ना, ते चार-चार किलोमीटरचे पाइप?"

दुधाळ्याच्या या लायगो वेधशाळेची ओढ औंढ्यात आता सगळ्यांना आहे, जमिनी गेलेल्यांना जास्त. दूरवरच्या कृष्णविवरांच्या धडकेनं येणारी थरथर, रस्त्यावरच्या ट्रकच्या आणि भूकंपाच्या थरथरीतून निवडून काढायची, यासाठी केंद्र सरकारनं २०२३ मधे दोन हजार सहाशे कोटींची मंजुरी दिली. काकूंनी जोडलेला धागा मला कधीच सुचला नव्हता.

"मुंगी फुकटात करते," त्या म्हणाल्या.

"फुकटात नाही. तेच तर सांगायचंय. तिथं काही अभ्यासकांनी बाभळींना कुंपण घातलं. विजेचं. हत्ती, जिराफ, मोठं कुठलंच जनावर आत येणार नाही असं. दहा वर्षं."

"मग झाडं फोफावली असतील."

"आपल्याला वाटतं तसं."

२००८ साली टॉड पामर आणि सहकाऱ्यांनी निकाल छापला. चरणारं कुणी उरलं नाही तसं झाडांनी गोड पाणी कमी केलं, नव्या पोकळ काट्यांची संख्या घटवली. ज्याच्या भीतीनं पहारा ठेवला तोच येत नाही, मग मजुरी कशाला? इमानी मुंग्या उपाशी पडल्या. पोट भरायला त्यांनी झाडाचा रस पिणारे किडे जास्त पाळायला घेतले, आणि त्यांचं बळही घटलं. मग दुसऱ्या जातीच्या मुंग्यांनी जागा घेतली. त्या काट्यांत राहतच नाहीत, खोडात भुंग्यांनी पोखरलेल्या बिळांत राहतात, म्हणून त्यांना पोखरलेलं झाडच आवडतं. कुंपणाआतली ही झाडं बाहेरच्यांपेक्षा हळू वाढली आणि जास्त मेली. बाहेर हत्ती अंगावर येत होते, तरी ती बरी होती.

काकूंनी हातातला शेळीचा पाला खाली ठेवला. "कुंपण घालून वाटोळं झालं?"

"झालं. आणि पुढचं तर याहून."

व्यापारी मालाबरोबर जगभर पसरलेली मोठ्या डोक्याची एक मुंगी केनियातल्या त्या पठारावर पोचली. तिनं बाभळीवरच्या राखणदार मुंग्या मारल्या, त्यांची अंडी-पिल्लं खाल्ली. स्वतः मात्र झाडाचं रक्षण करत नाही. हत्तींना हे कळायला वेळ लागला नाही. जिथं ही मुंगी पसरली तिथं त्यांनी पाच ते सात पट जास्त झाडं मोडली. झाडोरा विरळ झाला, मैदान उघडं पडलं. सिंह झाडोऱ्याच्या आडून झेब्र्यावर झडप घालतो, आता झेब्र्याला तो लांबूनच दिसू लागला. २०२४ साली ओल पेजेटा अभयारण्यातले आकडे छापून आले. सिंहांच्या शिकारीत २००३ साली १०० पैकी ६७ झेब्रे असायचे, २०२० पर्यंत ते ४२ वर आले. रानरेडे आधी शून्य, आता तेही ४२. सिंहांनी आहारच बदलला.

"मुंगीनं सिंहाचं ताट फिरवलं," काकू म्हणाल्या. मग हसायला लागल्या. "आपल्यात म्हणतात ना, हत्ती होऊन लाकडं फोडण्यापेक्षा मुंगी होऊन साखर खावी. तिथं साखर खाणारी मेली अन् हत्ती लाकडं फोडायला मोकळा!"

ही म्हण मी आयुष्यभर वापरली, केनियात ती शब्दशः घडते आहे हे मात्र काकूंच्या तोंडूनच ध्यानात आलं.

"बरं, आपल्याकडं हत्ती नाही, सिंह नाही," त्या पुढं म्हणाल्या. "आपल्याला काय त्याचं?"

"शेळी आहे. बोंडअळी आहे. आणि तुमच्या चिरंजीवांचा पंप आहे."

"पंपाचा काय संबंध?"

"त्यानं कपाशीत चवळीचं तास लावलंय ना? कृषी सहायकांच्या सांगण्यावरून? ते मुंग्या, ढालकिडे, बारीक गांधीलमाश्या यांनी यावं म्हणून असतं. चवळीही गोड पाणी देते, कपाशीही देते. पण फवारा सगळीकडून सारखाच गेला की खायला येणारंच कुणी उरत नाही. मग नुसतं पाझरत बसतं झाड."

काकूंनी मान हलवली. "उद्याच फवारायचंय म्हणाला. चवळी सोड म्हणून सांगू त्याला?"

"सांगा की."

"सांगते. पण सोडत नसतो तो. एकदा पंप पाठीवर घेतला की टाकी रिकामी होईस्तोवर थांबतच नाही. बापावर गेलाय."